सांगली-मिरजेतलं चायनीज : नूडल्सची प्लेट मागवताना काय बघायचं, काय विचारायचं, काय बिघडतं

वखारभागकर | सायं. ६:४०

विश्रामबाग, शंभर फुटी रस्ता, कॉलेज कॉर्नर, मिरजेत स्टेशनचा परिसर. संध्याकाळ झाली की चायनीजच्या गाड्या आणि सात-आठ टेबलांची छोटी हॉटेलं सगळीकडे सुरू होतात. मेनूकार्डावर शंभरेक पदार्थ असतात, पण आतमध्ये सॉस चारच : सोया, रेड चिली, ग्रीन चिली आणि शेजवान. त्यामुळे फरक पडतो तो कारागिराच्या हाताचा, भट्टीचा आणि मालाच्या ताजेपणाचा. तो कसा ओळखायचा, एवढ्यापुरता हा धागा.

हॉटेलांची नावं कृपया लिहू नका, चांगली नकोत आणि वाईट तर नकोतच. 'सांगलीतलं बेस्ट कुठलं' यावर वेगळे धागे आहेत आणि ते सगळे भांडणात संपलेत.

सुरुवात करतो. भट्टी दिसेल अशा टेबलावर बसा. ऑर्डर द्यायच्या आधी दोन मिनिटं फक्त कढईकडे बघा. कारागीर एका वेळी किती प्लेटा टाकतोय? चौदा-सोळा इंची कढईत दोन फुल प्लेट नीट होतात, तीन कशाबशा. रविवारी साडेआठच्या गर्दीत पाच प्लेटा एकदम पडतात. मग कढई थंड होते, कोबी पाणी सोडतो आणि नूडल्स परतल्या न जाता त्या पाण्यात शिजतात. ताटलीत तळाला तपकिरी पाणी साचलेलं दिसलं तर हेच झालेलं असतं. अशा वेळी ड्राय नूडल्स मागवूच नयेत. ग्रेव्हीचा प्रकार घ्यावा, त्याला गर्दीचा फारसा फटका बसत नाही. नाहीतर सात वाजता जावं.

कढईबहाद्दर | सायं. ७:०५

वखारभागकर, मुद्दा बरोबर. जाळाचं गणितही सांगतो. घरातला मोठा बर्नर साधारण अडीच-तीन किलोवॅटचा असतो. भट्टीचा हाय प्रेशर बर्नर त्याच्या पाच ते दहा पट उष्णता देतो. भाजीतून सुटणारं पाणी सुटल्या सुटल्या उडून गेलं पाहिजे, हा सगळा खेळ त्यासाठी. पाणी उडालं की कढईचा पत्रा शंभर अंशांच्या वर राहतो, नूडल्सना कडेने किंचित भाजल्याचा वास लागतो आणि सोया सॉस पत्र्यावर पडताच करपू लागतो. खाणारे ज्याला 'गाड्यावरची चव' म्हणतात त्यातली निम्मी इथे तयार होते, उरलेली निम्मी टेस्टिंग पावडरीत, म्हणजे अजिनोमोटोत (त्यावर पुढे भांडूच).

एका फुल प्लेटचा क्रम असा :

कढईतून धूर निघेपर्यंत रिकामी तापवायची. तेल ३० मिली, म्हणजे दोन मोठे चमचे. बारीक चिरलेला लसूण एक मोठा चमचा, आलं अर्धा. लसूण पाच-सात सेकंदांत कडेने रंग धरतो, तिथून पुढे थांबलात तर कडू. लगेच कांदा, गाजर, बीन्स, तीस सेकंद. मग ढबू मिरची आणि कोबी, वीस सेकंद. भाज्या सगळ्या मिळून १२० ग्रॅमच्या पुढे नकोत. मग उकडलेल्या नूडल्स ३०० ग्रॅम. मीठ अर्धा छोटा चमचा, पांढरी मिरी पाव चमचा, पावडर घालणार असाल तर पाव चमचा. सोया सॉस तीन छोटे चमचे, नूडल्सवर न ओतता कढईच्या कडेने सोडायचा. व्हिनेगर एक चमचा, तोही कडेने आणि शेवटी. पातीचा कांदा टाकून दोन उसळ्या, की प्लेट. एकूण वेळ अडीच ते तीन मिनिटं.

उसळी मारणं म्हणजे नुसती स्टाइल नव्हे. नूडल्स हवेत गेल्या की त्यांच्यावरची वाफ निघून जाते. जो कारागीर फक्त उलथनं फिरवतो त्याच्या नूडल्स तुटतात आणि गोळा होतात.

बेदाणा_४१६४१६ | सायं. ७:१८

सोया सॉस आणि मीठ आधी भाजीवर टाकणारे बरेच दिसतात. मीठ पडलं की कोबी लगेच घाम सोडतो. नूडल्स पडल्यावरच मीठ टाकावं, हे कढईबहाद्दर यांनी ओघात सांगितलं, पण ते ठळक करून लिहिण्यासारखं आहे.

अजून एक : उकडलेल्या नूडल्स कशात ठेवल्यात ते बघा. पसरट ट्रेमध्ये, तेलाचा हात लावलेल्या, वर झाकण आणि तारा सुट्या असतील तर उत्तम. बादलीत किंवा घमेल्यात गोळा करून ठेवलेल्या असतील तर मधला भाग स्वतःच्या वाफेने शिजत राहतो. तो गोळा कढईत पडला की कारागीर तो फोडायला उलथन्याने मारतो, आणि प्लेटमध्ये बोटभर लांबीचे तुकडे येतात.

सुलभा_मिरज | सायं. ७:४०

उकडण्याचं मी लिहिते, कारण घरी बिघडतं ते तिथंच.

अर्धा किलो सुक्या हक्का नूडल्सना पाच लिटर पाणी. कमी पाण्यात सुटलेला स्टार्च दाट होतो आणि तोच परत तारांवर बसतो. पाणी खळखळून उकळल्यावर दोन मोठे चमचे मीठ, मग नूडल्स. पहिलं मिनिटभर काट्याने सोडवत राहायचं. पाण्यात तेल घालायची सवय अनेकींना असते. ते वर तरंगतं, उतू जाणं थोडं कमी होतं, बाकी काही होत नाही. तेल नूडल्स निथळल्यावर लावायचं.

पाकिटावर सहा मिनिटं लिहिलं असेल तर चार-साडेचार मिनिटांनी एक तार तोडून बघा. मध्ये टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला पाहिजे. तेव्हाच चाळणीत ओता आणि गार पाण्याखाली धरा, पाणी हाताला गार लागेपर्यंत. शिजणंही थांबतं आणि वरचा चिकट स्टार्चही धुतला जातो. दहा मिनिटं निथळू द्या, दीड चमचा तेल हाताने चोळा, परातीत पसरा. सुक्या १०० ग्रॅमच्या साधारण २२० ते २५० ग्रॅम होतात.

वेळ असेल तर दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवा. पृष्ठभाग कोरडा होतो, तार कडक होते आणि परतताना तुटत नाही. गरम नूडल्स थेट कढईत टाकल्या की लगदा ठरलेला.

पातीचा_कांदा | सायं. ७:५२

सुलभाताई, हे सगळं केलं तरी घरच्या गॅसवर चिकटतात त्याचं काय? कढई नॉनस्टिक आहे, मोठ्या बर्नरवर. आणि आमच्याकडे चौघांचं एकदम करावं लागतं.

सुलभा_मिरज | रात्री ८:०३

चौघांचं एकदम, तिथंच घोळ आहे. घरच्या जाळावर एका वेळी एकाच माणसाचं करायचं, फार तर दीड. भाज्या वेगळ्या परतून ताटलीत काढा. कढई परत तापवा, नूडल्स टाका, पसरून चाळीस सेकंद अजिबात हलवू नका. खाली थोडा रंग आला की उलटा, मग भाज्या परत आणि सॉस. चार वेळा केलं तरी सगळं मिळून पंधरा मिनिटं लागतात.

नॉनस्टिक या कामाला चालत नाही. त्याचा थर साधारण २६० अंशांपुढे खराब व्हायला लागतो आणि रिकामी कढई मोठ्या जाळावर तिथपर्यंत सहज जाते. लोखंडी घ्या.

कढईबहाद्दर | रात्री ८:१५

लोखंडी कढई नवी आणली की तिच्यावर गंज लागू नये म्हणून तेलाचा किंवा मेणाचा थर असतो. साबण आणि तारेच्या घासणीने तो पूर्ण काढायचा. मग जाळावर ठेवून फिरवत फिरवत पत्रा निळसर होईपर्यंत तापवायचा, अगदी थोडं तेल फडक्याने चोळायचं, धूर जाऊ द्यायचा आणि हे तीन-चार वेळा करायचं. तेल जास्त लावलं तर चिकट ठिपके राहतात. नंतर साबण कमीत कमी, गरम पाणी आणि ब्रश. धुतल्यावर जाळावर वाळवून तेलाचं बोट. टोमॅटोची किंवा व्हिनेगरची ग्रेव्ही त्यात तासभर ठेवून दिली तर आंबट सगळा थर खाऊन टाकतं आणि ग्रेव्हीला लोखंडाची चव येते.

हरिपूरचा_संगम | रात्री ८:३०

सगळं ठीक, पण त्या टेस्टिंग पावडरीचं काय ओ? गाड्यावर चमचा भरून टाकतात. खाल्लं की रात्रभर पाणी पाणी होतं. अजिनोमोटो विष आहे असं सरळ लिहा की.

प्रयोगवही | रात्री ८:५५

सरळ लिहितो, पण उलटं.

टोकियोत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली कोंबू नावाच्या समुद्री शेवाळापासून ग्लुटामेट वेगळं केलं आणि पुढच्याच वर्षी ते अजिनोमोटो या नावाने बाजारात आलं. तेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत, सोया सॉसमध्ये, मुरवलेल्या चीजमध्ये निसर्गतः असतं. भीती पसरली ती १९६८ साली, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आलेल्या एका डॉक्टरच्या पत्रामुळे. चिनी हॉटेलात जेवल्यावर मानेमागे बधिरपणा आणि धडधड जाणवते, असं त्यात होतं. कारण म्हणून त्यांनी सोया सॉस, स्वयंपाकाची वाइन, मीठ अशा अनेक शक्यता मांडल्या होत्या, पावडर त्यातली एक. नंतर न सांगता पावडर देऊन ज्या चाचण्या झाल्या त्यांत नेहमीच्या प्रमाणात असा ठाम संबंध दिसला नाही. उपाशीपोटी तीन ग्रॅम किंवा जास्त नुसती घेतली तर काही जणांना तात्पुरता त्रास होतो, एवढंच निघालं.

आता तहान. कढईबहाद्दर यांचं प्रमाण धरा. मीठ अर्धा चमचा म्हणजे तीन ग्रॅम, त्यात सोडियम सुमारे १२०० मिलिग्रॅम. सोया सॉस तीन छोटे चमचे, त्यात सुमारे ९००. पावडर पाव चमचा, म्हणजे ग्रॅमभर, त्यात सुमारे १२०. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅमच्या आत आहे. म्हणजे एक फुल प्लेट आली की दिवसाचा कोटा संपला, आणि त्यात पावडरीचा वाटा सगळ्यात कमी. पाणी पाणी होतं ते मिठाने.

रक्तदाब असेल तर 'अजिनोमोटो नको' एवढं सांगून उपयोग नाही. 'मीठ वेगळं टाकू नका, सोया निम्मा' असं सांगा. वर मंचाव सूप घेतलंत तर हिशेब पुन्हा वाढला.

हरिपूरचा_संगम | रात्री ९:०४

म्हणजे गाडीवाले निर्दोष?

प्रयोगवही | रात्री ९:१२

तसं म्हटलेलं नाही. शिळा माल झाकायला पावडर भसाभस वापरतात हे खरंच आहे, पण तिथे दोष मालाचा. ज्यांना पावडर नकोच आहे त्यांनी बाटल्यांकडेही बघावं. सोया आणि चिली सॉसच्या लेबलवर ६२१ हा क्रमांक असेल तर ती आतच आहे, वरून घातली नाही तरी.

बेदाणा_४१६४१६ | रात्री ९:२०

लाल रंगावर कुणीतरी लिहा. पावडरीवर भांडून सगळे दमतात आणि मंच्युरियनमधला रंग मात्र कुणी विचारत नाही.

प्रयोगवही | रात्री ९:४१

कर्नाटकाने मार्च २०२४ मध्ये गोबी मंच्युरियन आणि कॉटन कँडीतल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. मंच्युरियनच्या नमुन्यांमध्ये टार्ट्राझिन, सनसेट यलो यांसारखे रंग सापडले होते. कॉटन कँडीत ऱ्होडामाइन-बी मिळालं होतं, ते कापड रंगवायचं रसायन असून खाण्यात कुठेही चालत नाही. पहिले दोन काही ठरावीक पदार्थांत मर्यादेत चालतात, पण मर्यादा मोजायला गाडीवर तराजू कुठला? बोटाची चिमूट हेच माप. सीमा आपल्यापासून फार लांब नाही आणि रंगाच्या पुड्या दोन्हीकडे सारख्याच मिळतात.

ओळखायचं कसं? मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. ग्रेव्ही ताटलीत मिनिटभर ठेवली की कडेला तेल सुटतं. तेल लालसर आणि खालचा रस तपकिरी असेल तर मिरची आहे. तेल फिकट आणि रस मात्र गुलाबी-केशरी असेल, टिश्यू पेपरवर ओला गुलाबी डाग सरळ पसरत जात असेल, बोटं धुतल्यावरही रंग राहत असेल तर पुडी आहे. ही घरगुती खूण आहे, प्रयोगशाळेची चाचणी नव्हे. पण ताटली परत करायची की नाही एवढं ठरवायला पुरते.

सुलभा_मिरज | रात्री १०:०५

रंग हवाच असेल तर ब्याडगी आहे की! इतकी चांगली मिरची हाताशी असून पुडी कशाला लागते हे कोडंच आहे.

शेजवान चटणीचं प्रमाण देते, साधारण अर्ध्या किलोची बरणी होते. ब्याडगी ७० ग्रॅम रंगाला, संकेश्वरी ३० ग्रॅम तिखटाला. देठ आणि निम्म्या बिया काढून कडक पाण्यात अर्धा तास भिजवायची, मग थोड्याच पाण्यात गंधासारखी वाटायची. लसूण १०० ग्रॅम आणि आलं २५ ग्रॅम हाताने बारीक चिरून. मिक्सरमधून काढलेला लसूण तेलात उग्र होतो आणि तळाला लागतो. तेल १५० मिली. मंद आचेवर लसूण-आलं तीन-चार मिनिटं, रंग बदलू न देता. मग मिरचीची पेस्ट, आणि आता धीर धरायचा. मध्यम आचेवर बारा-पंधरा मिनिटं, तेल कडेला सुटेपर्यंत. या टप्प्यावर घाई केली की चटणीला कच्च्या मिरचीचा घशाला लागणारा वास राहतो. बाजारच्या पुष्कळ चटण्यांचा दोष हाच. शेवटी साखर दोन चमचे, मीठ, सोया एक चमचा, व्हिनेगर तीन मोठे चमचे.

बरणी फ्रिजमध्येच ठेवा, पंधरा दिवसांत संपवा. तेलात बुडालेला लसूण बाहेर ठेवणं धोक्याचं. तिथे हवा पोचत नाही आणि बोटुलिझमचे, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचे जंतू नेमके अशाच ठिकाणी वाढतात. नुसता वर तेलाचा थर आहे म्हणून टिकेल, हे लोणच्याचं शास्त्र इथे लागू होत नाही. लोणच्यात मीठ आणि आंबट कितीतरी जास्त असतं.

मंडईवाट | रात्री १०:२२

चीनच्या सिचुआन प्रांतात जे खातात त्याचा आपल्या शेजवानशी संबंध नावापुरता. तिकडच्या जेवणाचा कणा म्हणजे बाजरंगी बीन्स आणि मिरची आंबवून केलेली पेस्ट, आणि जिभेला मुंग्या आणणारी सिचुआन मिरी. ती मिरी आपल्या कोकणातल्या तिरफळाच्याच कुळातली. माशाच्या आमटीत तिरफळ ठेचून घालतात त्याची झिणझिण आठवा. कुणाला घरी प्रयोग करायचा असेल तर वरच्या चटणीत सात-आठ तिरफळांची टरफलं कोरडी भाजून, कुटून घाला. आतली काळी बी टाकून द्या, ती दाताखाली वाळूसारखी लागते.

आपल्याकडचं चायनीज आलं ते कोलकात्यातून. टांगरा भागात चामड्याच्या व्यवसायातले हक्का चिनी लोक राहायचे, त्यांच्या हॉटेलांतून ही पद्धत पसरली. चिकन मंच्युरियनचं श्रेय मुंबईच्या नेल्सन वाँग यांना दिलं जातं, १९७५ च्या सुमाराची गोष्ट, क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये. आलं-लसूण-हिरवी मिरची ही आपली फोडणी, तिच्यात गरम मसाल्याऐवजी सोया आणि कॉर्नफ्लोअर. म्हणूनच सांगलीत हे इतकं मुरलं, असं माझं मत.

बेदाणा_४१६४१६ | रात्री १०:२६

'बाजरंगी बीन्स' कुठले आणलेत मंडईवाट? बाकला म्हणायचं असेल तुम्हाला.

मंडईवाट | रात्री १०:२९

हो हो, बाकलाच. मोबाइलचा कीबोर्ड भक्तिमार्गाला लागलाय.

श्रावणसोमवार | सकाळी ८:१०

शाकाहारी लोकांसाठी. बोर्डवर 'व्हेज-नॉनव्हेज' दोन्ही असेल तर नुसतं 'व्हेज द्या' म्हणून भागत नाही. कढई वेगळी आहे का ते विचारा. बहुतेक गाड्यांवर एकच असते, दोन प्लेटांच्या मध्ये पाणी ओतून ब्रश मारतात एवढंच. तळणीचं तेल वेगळं आहे का? मंच्युरियनचे गोळे आणि चिकन एकाच कढईत तळले जाणं सर्रास चालतं. सूपला साधं पाणी वापरतात की चिकनचं स्टॉक? नूडल्स एगच्या आहेत का? या प्रश्नांना जो न चिडता उत्तर देतो त्याच्याकडे खायला हरकत नाही.

जैन मागवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की शेजवान चटणीत लसूण आधीच असतो, तो 'कमी करून' मिळत नाही. सोया, व्हिनेगर, हिरवी मिरची, ढबू, कोबी एवढ्यावर हक्का नूडल्स होतात आणि बऱ्या लागतात. आलं आणि गाजर चालतं का ते ज्याचं त्याने आधीच सांगावं.

वखारभागकर | सकाळी ९:००

छान चाललंय. मागवायचं काय, यावर थोडं.

हक्का नूडल्स ही परीक्षेची प्लेट. सॉस कमी, त्यामुळे काही लपत नाही. नव्या ठिकाणी पहिल्यांदा हीच मागवावी. सिंगापुरी म्हणून जे मिळतं त्यात हळद किंवा करी पावडर असते. हा प्रकार सिंगापूरचा नव्हे, हाँगकाँगच्या हॉटेलांतला, आणि तो तांदळाच्या बारीक शेवयांचा करतात. आपल्याकडे मैद्याच्याच नूडल्स पिवळ्या करून देतात. हळद सांगलीत कमी नाही, पण कच्ची राहिली तर प्लेट कडवट होते.

ट्रिपल शेजवान म्हणजे राइस, नूडल्स, ग्रेव्ही, वर तळलेल्या नूडल्स. दोघांना पुरतं. ग्रेव्ही वेगळ्या वाटीत मागा, नाहीतर पाचव्या मिनिटाला सगळा काला. अमेरिकन चॉपसुईत तळलेल्या नूडल्सवर केचपची गोड ग्रेव्ही आणि अंडं. लहान मुलांना आवडतं, मोठ्यांनी का मागवावं कळत नाही.

कढईबहाद्दर | सकाळी ९:३५

चॉपसुईला नावं ठेवू नका साहेब, तळलेल्या नूडल्स ताज्या असतील तर तो झकास प्रकार आहे. मात्र सकाळी तळून प्लास्टिकच्या पिशवीत भरून ठेवलेल्या असतील तर त्यांना खवट वास येतो. मंचाव सूपवर टाकतात त्याही त्याच. आधी एक उचलून नुसती खाऊन बघावी.

ग्रेव्हीबद्दल. एक वाटी रसाला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, दोन चमचे गार पाण्यात कालवून. ते तळाशी बसतं म्हणून ओतायच्या क्षणी परत ढवळायचं. रस उकळत असतानाच ओतायचं आणि नंतर किमान मिनिटभर उकळू द्यायचं. ग्रेव्ही गढूळ पांढरट दिसत असेल, पिठूळ लागत असेल तर ती शिजलेली नाही. पारदर्शक चकाकी आली की झाली. व्हिनेगर आधी घालून उकळत ठेवलं तर आंबटाने स्टार्च तुटतो आणि ग्रेव्ही पाणी होते. म्हणून आंबट नेहमी शेवटी.

मंच्युरियनचे गोळे : अर्धा किलो कोबी अगदी बारीक, एक चमचा मीठ लावून दहा मिनिटं, मग घट्ट पिळायचा. कॉर्नफ्लोअर पाच मोठे चमचे, मैदा चार. गोळा जेमतेम वळला गेला पाहिजे. फुटतो तो पाणी राहिल्यामुळे, दगड होतो तो मैदा जास्त पडल्यामुळे, आत कच्चा राहतो तो तेल फार कडक असल्यामुळे. मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं, मग गार करून कडक तेलात मिनिटभर पुन्हा. ग्रेव्हीत टाकायचे ते वाढायच्या क्षणी.

प्रयोगवही | सकाळी १०:२०

तळणीच्या तेलाचा एक नियम इथे सांगून ठेवतो. तेलातली एकूण ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात साठत जाणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही, १ जुलै २०१८ पासून हे लागू आहे. ग्राहकाकडे मोजायचं यंत्र नसतं, पण काळपट आणि दाट तेल, तळताना वर टिकून राहणारा फेस, कमी आचेवरही निघणारा डोळ्यांना झोंबणारा धूर या खुणा पुरेशा आहेत.

फ्राइड राइसचं नूडल्सपेक्षा जास्त जपावं. शिजलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूंचे बीजाणू जिवंत राहतात. भात दुपारपासून बाहेर राहिला की ते वाढतात आणि एक विष सोडतात. ते विष पुन्हा परतल्याने नष्ट होत नाही, जाळ कितीही मोठा असो. खाल्ल्यावर एक ते पाच तासांत उलट्या. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात चिनी हॉटेलांतल्या फ्राइड राइसमुळेच हे प्रकरण पुढे आलं. एप्रिल-मे मधली आपली दुपार या जंतूंना फारच मानवते. भात फ्रिजमधून काढतात की टोपातून, एवढं बघा. उकडलेल्या नूडल्सनाही हेच लागू.

पातीचा_कांदा | सकाळी १०:४८

पार्सल घरी आणेपर्यंत नूडल्स मऊ पडतात, त्याला काही उपाय?

बेदाणा_४१६४१६ | सकाळी ११:०२

डबा बंद केला की वाफ झाकणावर जमते आणि खाली ठिबकते. पार्सल बांधताना झाकण दोन मिनिटं उघडं ठेवायला सांगा, किंवा कोपरा उचलून ठेवा. ग्रेव्ही वेगळी. ड्राय नूडल्स 'सॉस थोडा कमी' सांगून घेतलेल्या बऱ्या, कारण वाटेत त्या रस पितात. पातळ पिशवीत गरम ग्रेव्ही बांधून देत असतील तर स्टीलचा डबा घेऊन जा. हल्ली कुणी नाही म्हणत नाही.

घरी गरम करताना मायक्रोवेव्हपेक्षा लोखंडी तवा बरा. तवा चांगला तापवा, नूडल्स पसरा, पाण्याचे चार थेंब कडेला, अर्धा मिनिट झाकण, मग झाकण काढून मिनिटभर तशाच. तेल परत घालायची गरज नाही, आधीच भरपूर असतं.

हरिपूरचा_संगम | सकाळी ११:३०

पावडरीवरचं मत अर्धं बदललं म्हणा. एक शंका : टेबलावर ती हिरव्या मिरच्यांची व्हिनेगरवाली बरणी असते, ती खावी का?

प्रयोगवही | सकाळी ११:४४

व्हिनेगर बहुतेक सिंथेटिक असतं, ॲसेटिक ॲसिडमध्ये पाणी घालून केलेलं, आणि बाटलीवर तसं छापलेलं असतं. साधारण चार टक्क्यांचं असेल तर त्यात अडचण नाही. अडचण चमच्याची. उष्टा चमचा बरणीत जातो, वरून रोज नव्या मिरच्या पडतात आणि जुनं व्हिनेगर पातळ होत जातं. द्रव स्वच्छ आणि मिरच्या पूर्ण बुडालेल्या असतील तर घ्या. वर तवंग किंवा पांढरी साय दिसली तर राहू द्या, आतून ताज्या मिरच्या चिरून मागा.

सुलभा_मिरज | दुपारी १२:१५

गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. 'राइस नूडल्स द्या' एवढं पुरत नाही, बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतो. आणि ज्या भांड्यात दिवसभर मैद्याच्या नूडल्स उकडतात त्याच पाण्यात राइस नूडल्स बुडवून काढतात. वेगळं पाणी ठेवत असतील तरच मागवा. तांदळाच्या नूडल्स उकळायच्याही नसतात. कडक पाण्यात झाकून सहा-आठ मिनिटं भिजवल्या की पुरे, उकळल्या तर परतताना पेज होते.